भेव शिकवणारे घरमालक

आम्ही भाड्यानं राहायला गेलो त्या घराला छातीइतकं उंच विटांचं कुंपण होतं आणि त्या कुंपणावर दिवसातून कितीतरी वेळा एक डोकं उगवायचं. कानटोपी घातलेलं, मिशीवालं. वर यायचं, रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घ्यायचं आणि गडप व्हायचं. पुन्हा उगवायचं ते भलतीकडेच. मघा फाटकाजवळ होतं तर आता पेरूच्या झाडाखाली. एकाच जागेवरून दोनदा वर आलेलं मी कधी पाहिलं नाही. नागपूरचा खामला तेव्हा शहर संपल्यावर लागायचा, त्यामुळे रस्त्यावर बघण्यासारखं काही नसेच. असायचा तो दूधवाला. तो नवा होता तेव्हा हे डोकं बघून सायकल कॅनसकट टाकून पळाला होता. सांडलेल्या दुधावर मोहल्ल्यातली कुत्री जमली, तशी डोकं त्या दिवशी पुन्हा वर आलं नाही. ते कुत्र्यांनाही भीत असे.

ते डोकं म्हणजे आमचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणत होतो. कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातले. तोफखान्यात अफसर झाले, तिथून छोट्या टेहळणी विमानांच्या तुकडीत गेले, आणि पासष्टच्या लढाईनंतर नोकरी सोडून घरी आले. लग्न केलेलं नव्हतं. काहून नाही केलं म्हणून कोणी विचारलं की म्हणत, "घरी कोनी वाट पाहत बसलं का भेव डबल होते."

मी आयुष्यात भित्री माणसं पुष्कळ पाहिली. मी स्वतः त्यातलीच. पण आम्ही सगळे भीती लपवणारे. काकांनी ती उघड्यावर मांडून ठेवली होती. स्टोव्ह पेटवायचा असला की मला हाक मारत आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहत. वीज चमकली की पलंगावर पाय वर घेऊन बसत. गच्चीच्या कठड्यापासून हातभर लांब चालत. मोहल्ला हसायचा. लढाईतून आलेला माणूस स्टोव्हला भितो, यापेक्षा मोठी करमणूक खामल्यात तेव्हा नव्हती. काकांना हसण्याचं काही वाटत नसे. "भेव म्हंजे घरातली म्हातारी," ते म्हणत. "कटकट करते, पन दाराले कडी लागली का नाई ते तीच पाह्यते. तिले हाकललं का घर उघडं."

आमचं पहिलं भांडण झालं ते कपड्यांवरून. मी शाळेत शिकवायची, शाळेला पांढरी साडी लागायची, आणि साडी वाळत घालायला गच्चीइतकी चांगली जागा नव्हती. मी साडी वाळत घालून खाली आले नाही तोच काका वर गेले आणि ती गोळा करून घेऊन आले.

"पांढरं वर नाई टाकायचं," ते म्हणाले.

"काहून?"

"वरून दिसते."

"वर कोण आहे बघायले, काका?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. त्यानंतर माझ्या साड्या व्हरांड्यात वाळत राहिल्या आणि पावसाळ्यात त्यांना कुबट वास येत राहिला. त्या वासाचा राग माझ्या मनात अजून आहे, हे कबूल करते.

त्यांच्याकडे स्कूटर होती. कधी कधी बर्डीवर, शहरातल्या बाजारात, काम असलं की मला शाळेपर्यंत सोडत. बैलगाडी पुढं जाईल अशा वेगानं चालवत, आणि गेल्या रस्त्यानं परत येत नसत. विसरलेली पिशवी घ्यायलाही मागं फिरत नसत. पण खरा ताप दुसराच होता. मागं बसलेल्या माणसाला ते थोड्या थोड्या वेळानं विचारत, "आहेस का?" आपण म्हणायचं, "आहे." मग जरा पुढं गेल्यावर पुन्हा, "आहेस का?" भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. शाळेतल्या मुली खिदळायच्या. एकदा मला कंटाळा आला. त्यांनी विचारलं आणि मी गप्प बसले. पुन्हा विचारलं. मी गप्प. काकांनी भर बर्डीत स्कूटर थांबवली. मागं वळून बघितलं नाही, नुसते समोर बघत बसून राहिले. हँडलवरचे त्यांचे हात थडथड उडत होते. मागून बसचा भोंगा वाजत होता आणि काका हलत नव्हते. "आहे, काका, आहे ना!" मी ओरडले तेव्हा कुठे स्कूटर सुरू झाली. मला त्या हातांची भीती बसली ती बसलीच.

आता नवऱ्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय काका मला कळलेच नसते. नवऱ्याबद्दल लिहिताना एकेरी लिहिते आहे. बोलताना ते कधी जमलं नाही. तोही तोफखान्यातलाच, आणि नुकताच त्याच छोट्या विमानांच्या तुकडीत गेलेला. तुकडीच्या गावी बायकोला राहायला जागा नव्हती, माझी नोकरी नागपूरला, म्हणून खोल्या शोधत आम्ही काकांच्या दारात उभे राहिलो होतो. काकांनी त्याला काय करतोस म्हणून विचारलं. त्यानं छाती काढून सांगितलं.

"खोली नाई भेटत," काका म्हणाले.

आम्ही फाटकापर्यंत परत आलो असू. मागून काकांनी विचारलं, "मागच्या सीटवर कोन बसते तुया?"

"कधी निरीक्षक असतो. कधी कोणीच नसतं, सर."

काका आत गेले आणि किल्ली घेऊन आले. मला वाटलं, विक्षिप्त माणूस दिसतो. नवऱ्याला वाटलं, मजेशीर माणूस आहे. त्याला सगळंच मजेशीर वाटायचं. तो जेवताना हसायचा, ताप आला तर हसायचा, आणि ज्याला भीती म्हणतात ती त्याच्या अंगात घालायची देव विसरलाच होता.

माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं होतं, तुमचं विमान असतं तरी कशाचं?

"आत नळ्यांचा सांगाडा. वरून कापड."

मला वाटलं चेष्टा करतो आहे. "कापड?"

"कापडच वं. वरून रोगण चढवतात, मंग ताठ होते."

आमच्याकडे सुताला खळ देतात, तेव्हा ताठ होणं मला समजत होतं. कापड एका जागी फाटलं की पुढं कुठवर जातं, तेही समजत होतं. मी विचारलं, "आन् गोळी लागली तर?"

"गोळी आरपार निघून जाते. उलट बरं." आणि तो हसला. पलीकडच्या खोलीतून काकांचा आवाज आला, "पोट्टा हासून राह्यला." तो आवाज मला आवडला नाही. नवरा गेल्यावर मी काकांना स्वच्छ विचारलं, की हे विमान नक्की काय करतं आणि त्यात भ्यायचं ते कशाला.

काकांनी मला व्हरांड्यात बसवून सांगितलं. "तोफ आंधळी असते वं. लय मागं राहून मारते. गोळा कुठं पडला हे तिले कोन सांगन? आम्ही. झाडाच्या शेंड्याइतकं खाली राहायचं, एकदम वर यायचं, गोळ्याचा धूर पाह्याचा, वायरलेसवर सांगायचं का उजवीकडं घे, पुढं घे, आन् कोनी आपल्याले पाह्यच्या आत खाली. पुढच्या टायमाले दुसऱ्या जागेवरून वर. जिथून एकदा पाह्यलं तिथून पुन्हा पाह्याचं नाई."

मला कुंपणावरचं डोकं आठवलं आणि हसू आलं नाही.

"विमानात बंदूक नसते," काका म्हणाले. "पळाले जोर नसते. रस्त्यावरच्या मोटारीपेक्षा जरासं जोरात पळते. मंग मानूस कशावर वाचते? भेवावर. त्यात मरते कोन, ठाव आहे? भेकाड नाई मरत. पाह्यले थांबते तो मरते. गोळे नेमके पडू लागले का काम खतम, चाल घरी. पन नेमकं तवाच वाटते, एकदा पाहून घ्यावं. आपल्याच हातचं काम असते ना!"

बायको म्हणून मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती. पण माणूस दुसऱ्याच्या भीतीवर सहज विश्वास ठेवत नाही. मी चहा ठेवायला उठले.

दिवाळीला नवरा रजेवर आला. सीमेवर काहीतरी शिजतं आहे असं पेपरात येत होतं, तरी आम्ही लाडू खाल्ले, दिवे लावले. पाडव्याच्या संध्याकाळी नवरा अंगणात फटाके उडवत होता. एक सुतळीबॉम्ब पेटला आणि फुटलाच नाही. वात आत गेली, धूर आला आणि गेला. सगळी माणसं अशा वेळी चार पावलं मागं होतात. माझा नवरा पुढं झाला आणि वाकून बघायला लागला.

कुंपणाआडून काका धावत आले. कुत्र्याला भिणारा माणूस त्या बॉम्बच्या अंगावरून गेला आणि त्यानं नवऱ्याला कमरेला धरून चिखलात पाडलं. बॉम्ब शेवटपर्यंत फुटला नाही. नवरा चिखलात पडून हसत होता. काका हसत नव्हते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हा पाह्यले थांबते वं. तुया नवरा थांबनारा आहे."

त्या रात्रीपासून मी भ्यायला शिकले, ती आजतागायत.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी त्याला शिकवायला घेतलं. व्हरांड्यात कॅरम मांडला. नियम एकच. नेम धरताना पाहिजे तेवढं बघ, पण स्ट्रायकर सुटला की मान फिरवायची. सोंगटी गेली की नाही ते काका सांगणार. तो राजी झाला, नेम धरला, मारला आणि बघितलं. काकांनी त्याच्या मानेवर टपली मारली. पुन्हा मारला, पुन्हा बघितलं. पुन्हा टपली. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, फिरवा ना मान, एकदा फिरवा. आणि चाललं काय होतं तर कॅरम.

"काका, दिसल्याशिवाय मजा काय?" नवरा म्हणाला.

"मजा?" काकांचा आवाज चिरकला. "मजेसाठी जातं का तू तिथं? घरी हे पोरगी बसली आहे."

"काका, तुमी फालतू भेता. मी आतापर्यंत कितीतरी वेळा वर गेलो. काही होत नाही."

"होत नाई ते होयेपर्यंतच होत नाई," काका म्हणाले आणि त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या. चार दिवस हेच चाललं. मधूनमधून काका त्याला फटाका लावायला सांगत आणि पाठ फिरवून माझ्याकडे चालत यायला लावत. तो यायचा, पण फटाका फुटायच्या क्षणी मान वळायचीच. जशी गुळाकडे माशी. काकांनी त्याला शिव्या दिल्या, हात जोडले, एकदा तर रडवेले झाले. शेवटच्या डावाला मात्र त्यानं राणी मारली आणि मान फिरवली. खरंच फिरवली. काकांनी बोर्डाकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. राणी गेली की नाही हे कोणीच पाहिलं नाही. त्या संध्याकाळी काकांनी स्वतः स्टोव्ह पेटवून आमच्यासाठी चहा केला. मी इतकी सुखावले की तो चहा मला अमृतासारखा लागला, खरं तर पाणचट होता.

दुसऱ्या दिवशी तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा.

नोव्हेंबर कसा गेला ते आठवत नाही. डिसेंबरात लढाई जाहीर झाली आणि नवऱ्याची तुकडी पश्चिमेकडच्या सीमेवर आहे एवढंच मला ठाऊक होतं. नागपूर लढाईपासून किती लांब! तरी लोकांनी खिडक्यांना काळे कागद लावले, शाळेत खंदक खणायचे की नाहीत यावर बैठक झाली, आणि शिक्षिका मोठ्या उत्साहानं स्वेटर विणू लागल्या. मला त्या उत्साहाची चीड यायची. घरी आलं की व्हरांड्यात रेडिओ आणि रेडिओपुढं काका. बातम्यांत रणगाडे असत, जेट विमानं असत, बोटी असत. कापडाच्या विमानांचं नाव कोणी घेत नसे. आमच्या घराजवळच विमानतळ. शिकाऊ पायलटांचं एखादं लहान विमान घरघरत गेलं की काका हातातला घास ताटात ठेवत आणि ते उतरेपर्यंत जेवत नसत. मीही ठेवू लागले. आम्ही दोघं गार भात समोर घेऊन आवाज ऐकत बसायचो.

अशाच एका दुपारी मी त्यांना विचारलं. बाकी सगळे धीर देत होते, मला धीर नको होता. "काका, खरं सांगा. तुम्हाले काय वाटते?"

"मले भेव वाटून राह्यलं," काका म्हणाले.

"त्यानं मान फिरवली होती ना शेवटी?"

"एकदा." ते रेडिओचं बटण उगाच फिरवत राहिले. मग त्यांनी तो बंद केला. "म्यापन फिरवत होतो. पयले दहा दिवस फिरवली. लोक मले भेकाड म्हनत, मी हासत होतो. माया मागं एक हवालदार बसे. माया जुन्या तोफेवरचा मानूस. डोये तेज त्याचे, म्हनून मी मुद्दाम मागून घेतला होता त्याले. एक दिवस गोळे असे पडले म्हनतो, असे पडले... तोफा लपवल्या होत्या ना त्याइच्या, तिथंच नेमके. काम खतम. खाली आलो, तोंड घराकडं. आन् मले वाटलं, पाहून घ्यावं. जळून राह्यल्या का नाई. पुन्हा वर गेलो. त्याच जागेवरून."

मी गार भाताचं ताट बाजूला सारलं.

"जळत होत्या. लय मस्त जळत होत्या. मी थांबलो. खालून ठक् ठक् असा आवाज आला, टिनाच्या डब्ब्यावर कोनी बोट वाजवल्यासारखा. दांडा दाबून विमान खाली मारलं, झाडामागं आलो. म्या विचारलं, दिसलं का रे? तो नाई बोलला. म्हटलं, आहेस का? नाई बोलला. मागं वळून पाह्यची हिंमत नाई झाली. उतरायची पट्टी येयेपर्यंत मी विचारतच राह्यलो. आहेस का. आहेस का." काकांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर केस फार थोडे उरले होते. "सीटवर ताठ बसला होता. डोये उघडे. त्यानंपन पाह्यलंच असन जळताना."

कापडातून गोळी आरपार निघून जाते, उलट बरं, असं नवरा म्हणाला होता. मधे माणूस असतो हे तो बोलला नव्हता. मी उठून मोरीत गेले आणि ताट घासत बसले, ते घासतच राहिले. परत आले तेव्हा काकांनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

लढाई थांबली त्या दिवशी खामल्यात गुलाल उधळला. दूधवाल्यानं फुकट दूध वाटलं. लोक काकांच्या फाटकाशी येऊन ओरडले, काका, जिंकलो! काकांनी त्यांना हात जोडले आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे काही निरोप नव्हता. आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो. समोरासमोर आलं तर एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसला असता. मी वर्गात मुलींना कविता शिकवताना एकाएकी थांबायची, आणि मुली वाट बघत बसायच्या. मग तार आली. सुखरूप आहे, एवढंच. मी तार छातीशी धरून अंगणात बसून रडले. काकांनी ती वाचली, परत वाचली.

"सुखरूप म्हंजे जिता आहे," ते म्हणाले. "पन कसा जिता आहे? थांबून का नाई थांबून?"

"काय फरक पडते आता, काका?" मी चिडून म्हटलं. "आला म्हंजे झालं."

"लय फरक पडते वं. नाई थांबला तर पुढच्या टायमालेपन येइन."

नवरा आला तो संक्रांत होऊन गेल्यावर. उन्हानं काळा झालेला, गालफडं बसलेली, पण हसत. रिक्षातून उतरला तसा मी ओवाळायला तबक घेऊन धावले. काका माझ्याही पुढं. त्यांनी त्याला नमस्कार करू दिला नाही, दोन्ही खांदे धरले. त्यांचे हात थडथडत होते, बर्डीवर थडथडले होते तसे.

"थांबला?" त्यांनी विचारलं. "पाह्यले थांबला का?"

नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी तबक धरून उभी, निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं.

"नाही काका," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलं ना. एकदाही नाही."

काका मटकन पायरीवर बसले. मोठ्या माणसानं रडावं तसं ते रडले नाहीत, लहान पोरासारखे रडले, नाक गळेपर्यंत. "एक तर आणला," एवढंच म्हणत राहिले. "एक तर आणला मी वापस." मग उठले, पेढे आणायला निघाले, आणि जाताना मोहल्ल्यातल्या प्रत्येक दारात सांगत गेले की आमच्या पोट्ट्यानं ऐकलं.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. नवरा मागं येऊन उभा राहिला. हसत नव्हता. त्याला न हसताना मी प्रथमच बघत होते.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "त्यांचं तोंड पाहून दुसरं काही बोलताच आलं नाही."

"म्हंजे?"

"थांबलो. दर वेळी थांबलो. ठरवून जायचो की नाही थांबायचं. पण गोळा पडला की नाही हे दिसल्याशिवाय खाली येववतच नाही वं. शेपटाकडच्या कापडाची चाळण झाली होती. पोरांनी ठिगळं लावली."

चहा माझ्या हातावर सांडला. पोळलं ते नंतर कळलं. मी विचारलं, "मागं कोण होतं?"

"होता एक पोरगा. साताऱ्याकडचा. गाणी म्हणत बसायचा."

"तो कसा आहे?"

"बरा आहे. त्याला काय झालंय?" आणि आता तो हसला, तेच त्याचं हसू. "काकांना सांगू नको."

मी नाही सांगितलं. कसं सांगणार होते? काका पेढे घेऊन आले, त्यांनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि विचारलं, "काय म्हनते वं तो?" मी पेढा गिळून म्हटलं, "म्हणते, काकांनी वाचवलं." त्या रात्री काका घोरत होते. मी त्या घरात राहायला गेल्यापासून त्यांचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं. भिंतीला कान लावून मी ते ऐकत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. पुढं ते बदललेच. कुंपणाशी उभे राहून दूधवाल्याशी गप्पा मारायचे. मोहल्ल्याची करमणूक गेली. ते असेच निवांत, दुपारी झोपेत वारले. नवरा पुढं काय करत राहिला आणि आमचं काय झालं, ते इथं नको. हे लिहिणं काकांचं आहे.

एक मात्र सांगते. त्या रजेनंतर नवरा पुन्हा त्याच तुकडीवर, त्याच विमानांकडे निघाला. काका माझ्याबरोबर त्याला पोचवायला स्टेशनवर आले. प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीतून मोकळे चालत होते, संत्री घेऊन दिली, हमालाशी घासाघीस केली. मी संत्र्यांची पिशवी धरून नुसती डब्याकडे बघत होते. गाडीची शिटी झाली तशी काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हास ना वं जराशी. आता कायचं भेव? शिकला ना तो."

"हाव काका," मी म्हटलं. "शिकला."

गाडी हलली. नवरा डब्याच्या दारात दांडी धरून उभा होता. इतर माणसं हात हलवून आत गेली. तो अर्धा बाहेर वाकला आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत आमच्याकडे बघत राहिला. काका कौतुकानं हात हलवत होते. मी मात्र गर्दीची लाज सोडून ओरडत होते, "अहो, आत व्हा! आता आत व्हा ना!" गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही.